अंग तुमचं, डोकं माझं

वस्तादांनी गोगलगायीची मान धरली आणि त्याचा कान जमिनीला लावला.

"ऐक."

लाकडी फळ्यांवर त्यांचा तळहात पडला. एकच थाप, जड, आणि पडल्यावर हात तिथेच दाबून धरलेला. थापेच्या पोटात अंगठीचा बारीकसा टक.

"काय म्हणालो?"

"धर म्हणालात."

मग लागोपाठ दोन थापा.

"आता?"

"सोड."

"ते आज ऐकायची वेळ येणार नाही. ऊठ."

गोगलगाय उठला. गालाला फळीवरची धूळ लागली होती, पण ती त्यानं पुसली नाही, कारण पुस असं कुणी म्हणालं नव्हतं. थोराड अंगाचा, मंद चालीचा, शब्दाला शब्द न देणारा पोरगा. पोरांना नावं ठेवण्यात वस्तादांचा हातखंडा होता. पहिल्या दिवशी ह्याला व्यायामशाळेच्या दारातून आत यायला जो वेळ लागला, तो पाहूनच त्यांनी हे नाव बहाल केलं होतं, आणि आईबापांनी ठेवलेलं नाव आता फक्त वर्गातल्या हजेरीपुरतं उरलं होतं.

तळहाताची ही भाषा वस्तादांनी स्वतः घडवली होती. सभागृह माणसांनी भरलं की कोपऱ्यातल्या खुर्चीवरून घसा फोडला तरी शब्द मल्लापर्यंत पोहोचत नाही, आणि पोहोचलाच तर तो समोरच्यालाही कळतो. पण खाली सापडलेल्या मल्लाचा एक कान मॅटला चिकटलेला असतो. मॅटच्या कडेला जमिनीवर मारलेली थाप त्या कानात थेट शिरते. कुठून आली ते कळत नाही, काय म्हणाली तेवढं कळतं. कुस्ती रंगात आली की वस्ताद खुर्चीवरून घसरून गुडघ्यांवर यायचे आणि जमीन बडवायला लागायचे. पंच डोळे वटारायचे, पण प्रशिक्षकानं जमिनीला हात लावू नये असा नियम कुठल्याच पुस्तकात नव्हता. ह्या एका हातावर त्यांनी सगळी कारकीर्द काढली होती. नवीन पोरांना ते पहिल्या दिवशी सांगायचे, "डोकं घरी ठेवून यायचं. इथे अंग तुमचं, डोकं माझं."

कॉलेजनं त्यांना कामावर घेतलं तेव्हा व्यायामशाळा नव्हती, मोडक्या बाकांचं गोदाम होतं. ते बाक त्यांनी स्वतः ओढून बाहेर काढले, गवत भरलेल्या गाद्या शिवून घेतल्या आणि पहिला मल्ल घरूनच आणला. तो म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. आज तिथे खरीखुरी मॅट होती, भिंतीवर ढाली उचललेल्या पोरांच्या फोटोंची रांग होती, आणि मॅटच्या एका कडेच्या फळ्यांवर अंगठी लागून लागून पडलेले बारीक खड्डे होते. फोटोंच्या रांगेत मात्र एक चौकोन मोकळा होता. तेवढ्या जागी भिंतीचा रंग बाकीच्यापेक्षा उजळ दिसायचा. तिथला फोटो वस्तादांनीच एका सकाळी खिळ्यासकट उपटून काढला होता.

सभागृहाच्या दाराशी प्राचार्य उभे होते. हात पाठीमागे, चेहऱ्यावर लग्नघरातल्या व्याह्यासारखं ताणलेलं हसू.

"वस्ताद, हिशेब बरोबरीत आहे म्हणे. शेवटच्या कुस्तीवर ढाल."

"हो."

"समितीला मी काय कळवू?"

"ढाल आल्यावर कळवा."

"आणि नाही आली तर?" प्राचार्यांनी आवाज खाली आणला. "हे बघा, मी तुमच्याविरुद्ध नाही. पण दोन वर्षं ढाल तुमच्या बंधूंच्या कॉलेजकडे आहे. त्यांनाच विचारलं होतं, ते आपल्याकडे यायला तयार आहेत. पोरांशी बोलतात, म्हणे. पोरं घाबरत नाहीत त्यांना."

"न घाबरणारी पोरं सहलीला न्यायची असतात, कुस्तीला नाही."

"ह्याच बोलण्यानं तुम्ही माणसं तोडलीत," प्राचार्य म्हणाले आणि आत निघून गेले.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. वस्तादांचा सुंभ अजून जळायचाच होता. नोकरी जाईल ह्याचं त्यांना फारसं काही नव्हतं. नोकरी आज ना उद्या प्रत्येकाचीच जाते. पण आपण बाक ओढून मोकळी केलेली ती खोली, ती मॅट, ती पोरं, सगळं उचलून धाकट्याच्या पदरात घालायचं? जगात दुसरा कुणीही चालला असता. एखादा लुंग्यासुंग्या आला असता तरी त्यांनी किल्ली हसत हातात दिली असती. ह्याला नाही.

मॅटच्या पलीकडच्या कोपऱ्यात धाकटा उभा होता. केस आता त्याचेही पांढरे व्हायला लागले होते. शेवटच्या कुस्तीआधी दोन्ही प्रशिक्षकांनी मध्यभागी येऊन हात मिळवायचा, असा रिवाज होता. दोघं चालत आले. धाकट्यानं डावा हात पुढे केला.

"नमस्कार, सर."

सर. सख्ख्या भावाला. बरीच वर्षं त्यानं ह्यांना दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारली नव्हती.

"सरळ हात दे की," वस्ताद म्हणाले.

"सरळ हात तुमच्याकडेच राहिला. विसरलात?"

वस्तादांनी त्याच्या डाव्या हाताला नुसती बोटं लावली. नजर मात्र आपसूक त्याच्या उजव्या हाताकडे गेली. आईनं दोघांना एकसारख्या चांदीच्या अंगठ्या करून दिल्या होत्या. थोरल्याची आता बोटात इतकी रुतली होती की साबण लावूनही निघत नसे. धाकट्याचं बोट कधीचंच मोकळं होतं.

"आजही खिशात हात घालून बसणार?"

"पोरं म्हणजे तबला नव्हे, सर. मी आधी बोलतो, मग ती आपापला विचार करतात."

"विचार करेपर्यंत पाठ टेकते."

"टेकते कधी कधी. तुमच्या पोरांची पाठ टेकत नाही. नुसते खांदे जातात."

पंचांनी घसा खाकरला. दोघं आपापल्या खुर्चीकडे वळले. एवढं बोलणंही त्यांच्यात कित्येक दिवसांनी झालं होतं.

सख्खा भाऊ पक्का वैरी, असं लोक उगाच म्हणत नाहीत. परक्याशी वैर धरायला कारण शोधावं लागतं. घरच्याला ते आयतं मिळतं. ह्यांचं कारण असं की वस्तादांची पहिली ढाल धाकट्याच्या जिवावर आली होती. शेवटची कुस्ती, धाकटा एका गुणानं पुढे, आणि वेळ संपत आलेला. समोरच्यानं त्याला पालथा पाडून उजवा हात पाठीवर ओढून धरला होता आणि त्या हातावरूनच उलटा करायला बघत होता. तशा वेळी मल्लापुढे दोनच वाटा असतात. अंग सोडून उलटं व्हायचं आणि कुस्ती द्यायची, नाहीतर पोटावर घट्ट पडून राहायचं आणि खांदा जे सोसेल ते सोसू द्यायचं. थोरल्याचा हात वाजला. एक थाप. धर. थोड्या वेळानं पुन्हा एक. धर. धाकट्यानं धरलं. शिट्टी होईपर्यंत धरलं. ढाल आली. भिंतीवरून पुढे उपटलेल्या त्या फोटोत पोरांनी त्याला उचललेलं होतं आणि त्याचा उजवा हात दोरीला बांधलेल्या बादलीसारखा लोंबत होता. तो हात पुन्हा कधी खांद्याच्या वर गेला नाही.

तेही धाकट्यानं गिळलं असतं. पण दवाखान्यात पट्ट्यांत गुंडाळलेल्या भावाच्या उशाशी उभं राहून थोरला म्हणाला होता, "पण ढाल आली ना." बस्स. त्या दिवसापासून दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. आईच्या शेवटच्या दुखण्यात दोघं तिच्या पलंगाच्या दोन बाजूंना बसायचे आणि तिच्यामार्फत एकमेकांशी बोलायचे. "आई, त्याला सांग, औषध संपलंय." "आई, त्याला म्हणावं, दिसतंय मला." ती बिचारी दोन्हीकडे मान वळवून थकून गेली. ती गेल्यावर मधला निरोप्याही उरला नाही.

शिट्टी झाली.

धाकट्याच्या मल्लाला मान म्हणून नव्हतीच. डोकं थेट खांद्यांवर बसवलेलं होतं. वस्तादांनी त्याचं नाव मनातल्या मनात बिनमान्या ठेवूनही टाकलं. बिनमान्या पहिल्याच झटक्यात पायात शिरला आणि गोगलगाय खाली गेला. कान मॅटला लागला. वस्ताद खुर्चीवरून घसरले. थाप, मग घासलेला तळहात, मग तीन बोटांची टिचकी. गोगलगायीनं कंबर फिरवली, गुडघा आत घेतला आणि आश्चर्य वाटावं अशा सफाईनं वर आला. लोकांनी आरडाओरडा केला. वस्तादांनी पलीकडे पाहिलं. धाकटा खुर्चीत टेकून, हात खिशात घालून बसला होता. हा हात त्याला पाठ होता, प्रत्येक थाप त्याला कळत होती, पण तो आपल्या पोराला ओरडून काही सांगत नव्हता. इतक्या वर्षांत त्यानं एकदाही जमिनीला हात लावला नव्हता. ती त्याची शपथच होती जणू.

'बस तसाच,' वस्ताद मनात म्हणाले. 'तशाच खिशात हात घालून ढाल जाताना बघ.'

दुसऱ्या फेरीत गोगलगायीनं एक गुण काढला. नंतर दिला. मग परत काढला. थापेबरहुकूम चालणारं ते अंग बघून वस्तादांना एक जुनं सुख होत होतं. आपण इथे हात हलवावा आणि तिकडे दुसऱ्याचे पाय हलावेत. माणसाला ह्याहून जास्त काय हवं असतं? प्राचार्य पहिल्या रांगेत पुढे सरकून बसले होते. गोगलगाय एका गुणानं पुढे होता आणि वेळ थोडाच उरला होता.

तेव्हा बिनमान्यानं त्याला ओढून पालथा पाडला आणि त्याचा उजवा हात पाठीवर घेतला.

वस्तादांना क्षणभर कळेना की आपण हे बघतोय की आठवतोय. तीच पकड होती. तोच हात. बिनमान्या सगळं वजन त्या एका कोपरावर टाकून ढकलत होता. गोगलगायीचं तोंड पलीकडे वळलेलं, म्हणजे इकडून दिसत होती ती फक्त मानेवरची तांबडी शीर आणि बनियनच्या पट्ट्याखालून वर येणारं खांद्याचं हाड. ते हाड जिथे असायला हवं तिथे नव्हतं. पोरगा ओरडत नव्हता. त्याला ओरड असं कुणी म्हणालं नव्हतं.

तो वाट बघत होता.

सभागृह उभं राहिलं होतं. पंच मॅटवर आडवे होऊन पाठ टेकते का तेवढंच पाहत होते. वस्तादांनी हात उचलला. थोडीच कळ काढायची होती. एवढीशी. मग ढाल, मग समिती गप्प, प्राचार्य गप्प, आणि तो पलीकडचा जन्मभर गप्प. वस्तादांनी एकदाच वर पाहिलं. धाकटा खुर्चीवरून उठला होता. तो आपल्या पोराकडे बघत नव्हता. गोगलगायीकडेही नाही. तो वस्तादांच्या उचललेल्या हाताकडे बघत होता.

हात खाली यायला निघाला. कुठली थाप मारायची ह्याबद्दल वस्तादांच्या मनात काडीची शंका नव्हती. हे त्यांना पुढे कधी नाकारता आलं नाही, स्वतःशीसुद्धा.

फळ्या वाजल्या. दोन थापा, लागोपाठ, मऊ आणि सपाट.

वस्तादांचा हात अजून हवेतच होता.

गोगलगाय क्षणभर तसाच पडून राहिला. मग त्यानं श्वास सोडला, अंग सैल केलं आणि बिनमान्याच्या ओढीबरोबर उलटा झाला. दोन्ही खांदे टेकले. शिट्टी.

पलीकडे धाकटा एका गुडघ्यावर होता. त्याचा उजवा हात जमिनीवर सपाट पडलेला होता.

वस्ताद मॅट ओलांडून कधी गेले ते त्यांना कळलं नाही. बूट घालून मॅटवर पाऊल टाकणाऱ्याला ते एरवी कानाखाली वाजवायचे.

"चोर! चोरलीस माझी कुस्ती!"

धाकटा सावकाश उठला. उजवा हात त्यानं डाव्या हातानं धरला होता.

"चोरली."

"माझा हात वापरून? माझ्याच पोराला?"

"हो."

"पोरासाठी वाजवलास की ढालीसाठी?"

"ते तुला मरेपर्यंत कळू नये, एवढीच माझी इच्छा आहे." सर गेलं होतं आणि तुम्हीही गेलं होतं. त्या एकेरी हाकेत माया शोधायला गेलं असतं तर हात रिकामाच आला असता. "जा, सांग जा पंचांना. खरं सांग, हात माझा होता म्हणून. कुस्ती परत मिळेल तुला. आणि मग त्या पोरालाही सांग, तुझी कुठली थाप वाजणार होती."

मुख्य पंच टेबलामागून हातानं बोलावत होते. प्राचार्य आधीच तिथे पोहोचले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर आता खरीखुरी आशा होती.

"हे पाहा वस्ताद," मुख्य पंच म्हणाले, "तुमचे भाऊ खाली वाकलेले आम्ही पाहिलेत. हात दिसला नाही, मध्ये माणसं होती. समोरच्या मल्लाला इशारा देणं नियमात बसत नाही. तुम्ही हरकत घेतलीत आणि ती थाप त्यांची होती असं सांगितलंत, तर कुस्ती तुमच्या पोराला द्यावी लागेल. पण काय ते आत्ता."

"घेतली, हरकत घेतली," प्राचार्य म्हणाले.

"त्यांनी सांगायला हवं."

टेबलाच्या कडेला बाकावर गोगलगाय बसला होता. डॉक्टर त्याच्या खांद्यावर बर्फाची पिशवी बांधत होते. "थोडक्यात वाचलंय," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. "अजून जरा ताणलं असतं तर संपलं होतं. महिनाभर आराम, मग हवं ते करू दे."

"तुला काय ऐकू आलं रे?" मुख्य पंचांनी विचारलं.

गोगलगायीनं मान वर केली. "कान खाली होता. दोन थापा आल्या. सोडलं."

"कुणाच्या?"

"खालून काय कळणार, साहेब?" मग तो वस्तादांकडे बघून म्हणाला, "बरं झालं पण. फार दुखत होतं."

कोरा, सरळ चेहरा. गालावर अजून मघाची धूळ. ह्याला वाटतंय मी सोडवलं, वस्तादांच्या मनात आलं. आयुष्यात किती पोरं ह्या हाताखालून गेली. पाया पडली, घाबरली, मागून शिव्या देऊन गेली. पण बरं झालं असं त्यांना कुणी म्हणालं नव्हतं. आणि पहिल्यांदा कुणी म्हणालं, तर ते दुसऱ्याच्या वाट्याचं होतं. थोडं पलीकडे धाकटा उभा होता, डाव्या हातानं उजवा खांदा चोळत. तोही ऐकत होता. त्याच्या तोंडावर वाट बघणाऱ्याची एक क्रूर शांतता होती. भाऊ काय बोलणार ते आपल्याला ठाऊक आहे, अशी.

खरं बोललं की ढाल. खरं बोललं की खोली, मॅट, पोरं, सगळं जागच्या जागी. आणि खोटं बोलायचंच झालं, तर ते कुणासाठी? ह्या भावासाठी? वस्तादांना त्याच्याबद्दल आत्ताही काही मऊ वाटत नव्हतं. उलट त्याचा गळा धरावासा वाटत होता. त्यांनी स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं. तो तसाच होता, थाप मारायची राहून गेलेला.

"वस्ताद?" मुख्य पंच म्हणाले. "हात कुणाचा होता?"

"माझा."

"काय?" प्राचार्य म्हणाले.

"माझा होता. मीच सोड म्हणालो. हरकत नाही."

मुख्य पंचांनी मान हलवून निकालाच्या कागदावर सही केली. प्राचार्यांचं हसू उतरलं आणि त्याखालचा खरा चेहरा दिसला.

"जिंकत आलेली कुस्ती सोडायला सांगितलीत? तुम्ही?"

"हो."

"म्हातारचळ लागलाय तुम्हाला. उद्या किल्ल्या कार्यालयात द्या," असं म्हणून ते वळले आणि थेट धाकट्याकडे गेले, हात पुढे करून. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, आणि हा वासा तर आधीपासूनच अर्धा फिरलेला होता.

ढाल देण्याचा समारंभ वस्तादांनी दारात उभं राहून पाहिला. बिनमान्यानं आणि दुसऱ्या पोरांनी ढाल उचलली. धाकट्यानं तिला डावा हात लावला, तोही लोकाग्रहास्तव. टाळ्या संपल्यावर तो दारापाशी आला आणि वस्तादांसमोर थांबला.

"मला तुझे उपकार नकोत."

"तुझ्यावर केलेच नाहीत."

"मग कुणावर केलेस?"

धाकट्यानं थोडी वाट पाहिली.

"मघा तुझी थाप कुठली होती, मला माहीत आहे," तो म्हणाला. "एका खोट्यानं ती पुसली जात नाही."

"माहीत आहे."

"भिंतीवरचे तुझ्या पोरांचे फोटो मी काढणार नाही. माझाही लावणार नाही. ती जागा आहे तशीच राहील."

"तुझी खोली आहे. तुला हवं ते कर."

तो गेला. त्यानं मागे वळून पाहिलं नाही, आणि वळून पाहावं अशी वस्तादांचीही अपेक्षा नव्हती. कपडे बदलायच्या खोलीत पोरं एकेक करून निघून गेली होती. काहींनी निरोप घेतला, काहींनी घेतला नाही. हरलेल्या वस्तादाशी काय बोलायचं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी गोगलगाय तेवढा उरला, एका हातानं बुटाची नाडी बांधण्याची धडपड करत. वस्ताद खाली बसले आणि त्यांनी ती बांधून दिली. पोरगा ओशाळला.

"राहू द्या, वस्ताद."

"बस गप."

दुसऱ्या बुटाची नाडीही त्यांनी बांधली. गाठ घट्ट आहे ना ते ओढून पाहिलं.

"वस्ताद."

"काय?"

"तुमच्या थापेत अंगठी वाजते."

वस्तादांची बोटं नाडीवरच राहिली. खोलीत कुठेतरी नळ ठिबकत होता.

"मघा वाजली नव्हती," गोगलगाय म्हणाला.

हा पोरगा मॅटला कान लावून पडला असताना दुसऱ्या थापेनंतर क्षणभर थांबला होता, ते वस्तादांना आता आठवलं. तेव्हा वाटलं होतं, ह्याला सगळंच उशिरा कळतं.

"तुला कळलं होतं, हात माझा नव्हता?"

"हो."

"मग सोडलंस का?"

गोगलगायीनं बॅगेचा पट्टा डाव्या खांद्यावर घेतला. उजव्यावरची बर्फाची पिशवी सरकली होती, ती नीट बसवली. मग गालावरची धूळ त्यानं मनगटानं पुसून टाकली.

"खांदा माझा होता ना, वस्ताद," तो म्हणाला, आणि नेहमीच्याच मंद चालीनं दाराबाहेर पडला.